माझं घर चिनी माणसाने का घेऊ नये?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

हेच पत्र मार्चमध्ये आपल्याला इंग्रजीत धाडलं होतं. कचेरीतून तीन ओळी आल्या, 'आपली अडचण समजते' वगैरे. म्हणून आता मराठीत लिहितो. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत मराठी नाही, तेव्हा उत्तरात फारसा फरक पडायचा नाही.

होगांगमधला माझा सरकारी फ्लॅट 11 महिने गिऱ्हाइकाची वाट बघतोय. परवा रविवारी एक चिनी वंशाचं जोडपं आलं. बाईंनी ओट्यावरून हात फिरवला, नवऱ्याने टेप काढून पाळण्याची जागा मोजली. भावही माझ्या मनासारखा. तेवढ्यात एजंटने मोबाईलवर इमारतीचा या महिन्याचा वंशवार कोटा उघडला आणि नुसती मान हलवली. टेप सर्रकन आत गेली.

आमच्या इमारतीत चिनी कुटुंबं 87 टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकली आहेत. समोरची चिनी आजी आपलं घर चिनी माणसाला विकू शकते, कारण बेरीज तीच राहते. मी पडलो भारतीय, मी विकलं की बेरीज वाढते! तिचं गेलं 6,20,000 डॉलरला. मला आलेली सगळ्यात मोठी ऑफर 5,55,000. मजला एक, लिफ्ट एक. देशात चारातले तीन लोक चिनी. ते वगळून मी घर विकू कुणाला, गॅलरीतल्या कबुतरांना?

1989 मध्ये धनबालन राष्ट्रीय विकासमंत्री असताना हे कोट्याचं धोरण आलं. 1964 च्या चिनी-मलय दंगली मलाही ठाऊक आहेत, आणि वेगळ्या वस्त्या होऊ नयेत हे मला शंभर टक्के मान्य. पण त्या सलोख्याचे 65,000 डॉलर एकट्या माझ्याच खिशातून? 2022 मध्ये तुमच्याच खात्याने सांगितलं, अडलेल्यांचं घर सरकार घेईल. अर्ज केला. उत्तर आलं, 'आणखी प्रयत्न करा.' काय करू, धर्म बदलू की डोळे? सांगलीला आई 88 वर्षांची आहे. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न: "गेलं का रे घर?"

तुमचं सगळंच रकान्यांत चालतं. ओळखपत्रावर वंश, वंशावरून शाळेतली मातृभाषा. माझ्या मुलीने 'मातृभाषा' म्हणून हिंदी घेतली, कारण मराठीला रकानाच नव्हता. घर अडवायला मात्र आम्ही कोट्याच्या 'भारतीय/इतर' रकान्यात बरोब्बर सापडतो.

एक कबूल करतो. 2003 मध्ये हा फ्लॅट मी एका तमिळ गृहस्थांकडून घेतला. तेही असेच आठ महिने अडकले होते. मी ते ओळखलं आणि 20,000 पाडून घेतले. कागदावर सही करताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला फरक भरून द्यायचं कधी ठरलंच, तर आधी त्यांना शोधा.

आपला,
'भारतीय/इतर'