जहाजात शिरल्यावर समुद्र कुठून दिसतो, ते पण छापा

माननीय संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवीन क्रूझ जहाजांच्या इंटिरियरवर पानभर मजकूर होता, पहिल्या फेऱ्यांना गेलेल्या लोकांना आत शिरल्या शिरल्या काय वाटलं वगैरे. फोटो छान छापलेत, पण सगळे झुंबराचे, जिन्याचे आणि एलईडी लावलेल्या छताचे, एकाही फोटोत पाणी नाही. मी मुद्दाम परत एकदा सगळे बघितले, खरंच नाही. आणि प्रतिक्रियांमध्ये एक गोष्ट दोन-तीन जणांनी आपापल्या शब्दांत म्हटलीये, की सगळं सुंदर आहे पण मॉलमध्ये आल्यासारखं वाटलं. ते वाक्य कौतुकाच्या गर्दीत कुठेतरी खाली गेलं, माझ्या मते त्या पानावरची खरी बातमी तीच होती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मुद्दा ठेवा.

मी इंटिरियरच्या धंद्यात आहे, लालबागला वर्कशॉप आहे, हॉटेलं आणि ऑफिसं करतो. आणि घरचे मूळ मालवणचे, त्यामुळे बोट हा विषय घरात लहानपणापासून. आमच्याकडची म्हातारी माणसं भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायची, डेकवर वळकटी टाकून, हर्णै गेलं, जयगड गेलं, विजयदुर्गाचा किल्ला दिसायला लागला असं बघत बघत. तिथे गैरसोय भरपूर होती, संडासाचे हाल, उलट्या, पावसाळ्यात तर बोटी बंदच, त्यामुळे ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण सगळ्यात स्वस्त तिकिटवाल्यालाही समुद्र दिसायचा, त्याचे वेगळे पैसे नव्हते.

आता नव्या जहाजात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'मॉलसारखं वाटतं' ही तक्रार लोक उगाच करत नाहीत, त्याच्यामागे आखणी आहे. जहाजाला बाहेरची कड मर्यादितच असते. 1984 ला रॉयल प्रिन्सेस नावाचं जहाज आलं, त्यात सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि बऱ्याच केबिनना बाल्कनी होती, लोकांना ते प्रचंड आवडलं. तिथून पुढे बाल्कनी वाढत गेल्या, कारण बाल्कनीची केबिन जास्त पैशाला जाते. म्हणजे बाहेरची कड केबिनवाल्यांना गेली, मग सगळ्यांनी मिळून बसायच्या जागा कुठे जाणार, त्या मधे सरकल्या. 1988 च्या सोव्हरिन ऑफ द सीज मध्ये मोठ्या हॉटेलच्या लॉबीसारखा अनेक मजली एट्रियम आला, काचेच्या लिफ्ट वगैरे. 1999 ला व्हॉयेजर ऑफ द सीज आलं, त्यात तर जहाजाच्या पोटात दुकानांचा अख्खा रस्ताच केला आणि वरच्या काही केबिनच्या खिडक्या त्या रस्त्यावर उघडतात. 2009 च्या ओएसिस ऑफ द सीज मध्ये मधोमध खरीखुरी झाडं असलेली बाग आहे आणि तिच्याकडे तोंड केलेल्या बाल्कनी आहेत. समुद्रावरच्या जहाजात बाल्कनी घ्यायची आणि समोर बाग बघायची! बाग सुंदर आहे याबद्दल वाद नाही, इंजिनियरिंग म्हणून तर कमालच आहे, पण ही सगळी चाल कुठल्या दिशेने गेली ते यात स्पष्ट दिसतं.

आणि याचा फटका कोणाला बसतो तर आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या केबिनवाल्याला. आपल्याकडून क्रूझला जाणारी बरीच कुटुंबं आतली केबिनच घेतात, चार-सहा जणांचं तिकीट, वर पोर्टाचे चार्जेस, टिप, सगळं धरलं की बाल्कनी परवडत नाही. ते म्हणतात झोपायलाच तर जायचंय, दिवसभर बाहेरच बसू. बरोबर आहे, पण बाहेर म्हणजे कुठे? आम्ही घरचे सगळे मिळून गेलो होतो तेव्हा आईला बसवायला खिडकीजवळची जागा शोधत होतो, जहाजाचं नाव घेत नाही कारण ही गोष्ट एकट्या त्या जहाजाची नाही. वरच्या डेकवर ऊन आणि मोठ्याने गाणी, मधल्या मजल्यावर दुकानं आणि कॅसिनो, खिडकीपाशी होती ती रेस्टॉरंट, त्यातली दोन जादा पैशांची आणि बाकीची जेवणाच्या वेळेपुरती उघडी. शेवटी आई लिफ्टसमोरच्या कोचावर बसली, तिथून तिला लिफ्टची दारं दिसत होती. तिने तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं, या धंद्यात असून मला कळत होतं की इथे एक खिडकी आणि चार खुर्च्या सहज बसल्या असत्या.

यात शरीराचा पण भाग आहे, जो फोटो बघून कळत नाही. बोट लागते ती का, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात समोरची भिंत जागची हलली नाही, त्या दोघांचं जुळत नाही आणि मळमळायला लागतं. क्षितिजाकडे बघत बसलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणजे खिडकी ही नुसती हौस नाही. आपल्याकडे पहिल्यांदाच जहाजावर पाय ठेवणारे लोक खूप असतात, त्यांना बिनखिडकीच्या, झगमग लाईटच्या लाऊंजमध्ये संध्याकाळभर बसवायचं आणि मग रिसेप्शनवर गोळ्या मागायला रांग लागते.

एका बाबतीत मात्र मी डिझाईन करणाऱ्यांच्या बाजूने बोलणार. काही प्रवाशांनी म्हटलंय की सगळं लॅमिनेटचं आणि खोटं वाटतं, पूर्वीच्या जहाजांसारखं खरं लाकूड नाही. त्याला कारण आहे. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, त्यामुळे सोलास म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते आगीबाबत फार कडक आहेत आणि 2010 च्या ऑक्टोबरपासून ते आणखी आवळले, लाकडाचं काम भरपूर असलेली कितीतरी जुनी जहाजं त्यात बाद झाली. 2006 ला स्टार प्रिन्सेस वर बाल्कनीत आग लागली आणि बाल्कन्यांमधली प्लास्टिकची पार्टिशनं पेटत पेटत एकातून दुसरीत गेली, मग बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबलांपर्यंत नियम आले. शिवाय साधारण 40 ते 48 मीटरवर जहाज आगीच्या दृष्टीने उभं विभागलेलं असतं, तिथे जाड दरवाजे लागतातच, कॉरिडॉर कितीही सुंदर काढला तरी ते टाळता येत नाहीत. तेव्हा व्हीनिअर कागदासारखं पातळ का, पॅनेल ठोकलं की पत्र्याचा आवाज का येतो, पडदा जड का, याच्यावरून कृपा करून नावं ठेवू नका. आमच्या धंद्यातल्या माणसाने तर ते काम हात लावून बघावं, सांधे इतके साफ असतात की मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात पण तसे सापडत नाहीत. केबिन बहुतेक वेळा कारखान्यात बाथरूमसकट तयार करून जहाजात सरकवतात, म्हणून ते जमतं.

पण खिडकी ठेवायला कुठला नियम आडवा येत नाही, कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका. सेलिब्रिटी एज म्हणून जहाज 2018 च्या शेवटी आलं, त्याच्या मागच्या टोकाला तीन मजली उंचीचा ईडन नावाचा हॉल आहे आणि त्याला समुद्राकडे मोठमोठ्या काचा. दुबईचं बुर्ज अल अरब ज्यांनी केलं त्या टॉम राईट यांचं काम या जहाजात आहे, म्हणजे बिल्डिंगवाल्यांना पण हे सुचतं. त्याच जहाजात केबिनची बाल्कनी वेगळी काढून न ठेवता खोली थेट कडेपर्यंत नेली आणि बटण दाबलं की काचेचा वरचा भाग खाली सरकतो. याच्यावर पहिल्या प्रवाशांमध्ये सरळ दोन तट पडले, काही म्हणाले खोली मोठी झाली, काही म्हणाले ही बाल्कनीच नाही, वारा अंगावर येत नाही. मला दुसऱ्यांचं पटतं, पण निदान भांडण समुद्रावरून झालं याचा आनंद आहे. आणि आयकॉन ऑफ द सीज, 2024 च्या जानेवारीत निघालं, वीस डेक, एका केबिनमध्ये दोन धरले तरी 5,610 प्रवासी, एवढं अवाढव्य. त्यात पण दुकानांचा रस्ता आहेच, पण या वेळी त्या रस्त्याला जमिनीपासून छतापर्यंत काचा देऊन समुद्र दाखवलाय, मधे तो मोत्यासारखा मोठा गोल आहे त्याच्या आजूबाजूला. पंचवीस वर्षं तो रस्ता बंद ठेवून शेवटी त्यांनाच तो उघडावासा वाटला. तुमच्या पानात त्या गोलाचा फोटो आहे, काचेकडची बाजू कापलेली आहे.

पहिल्या नजरेत न दिसणाऱ्या चांगल्या गोष्टी पण असतात, त्या कुठेच छापून येत नाहीत. नॉर्वेजियन क्रूझ लाईन या कंपनीच्या काही जहाजांवर कॉरिडॉरच्या गालिच्यावर मासे काढलेत आणि ते सगळे जहाजाच्या पुढच्या बाजूला पोहतात. लांबच लांब एकसारख्या दरवाज्यांच्या बोळात माणूस हरवतोच, तिथे खाली बघितलं की कळतं पुढे कुठे आणि मागे कुठे. मला हे फार आवडतं, पैसा न टाकता केलेलं काम आहे. डिस्नी ड्रीम मध्ये 2011 ला आतल्या केबिनमध्ये गोल खिडकीच्या आकाराचा स्क्रीन बसवला आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यात दाखवलं, पोरं खूश. खरी खिडकी नाही ती, पण आतल्या केबिनवाल्याची कोणीतरी आठवण ठेवली.

हे सगळं आत्ता मुंबईत बसून का लिहितोय, तर आपल्याकडे पण नवीन जहाजं यायची आहेत. इंदिरा डॉकच्या नवीन क्रूझ टर्मिनलचं 20 सप्टेंबर 2025 ला उद्घाटन झालं, 72 काउंटर आहेत, म्हणजे गर्दी येणार हे धरूनच बांधलंय. नॉर्वेजियन स्काय आणि नॉर्वेजियन सन ही दोन जहाजं भाडेकराराने कॉर्डेलिया या आपल्याकडच्या क्रूझ कंपनीकडे येणार असं कंपन्यांनी जाहीर केलंय. ती 1999 आणि 2001 ची आहेत, नवी कोरी नाहीत, पण आपल्याला नवी. अशी जहाजं दुसऱ्या मालकाकडे जाताना ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करतात तिथे, आतून बदलली जातात, गालिचे, कोच, लाईट, सगळं, आणि काय बदलायचं ते त्या वेळीच ठरतं, नंतर कोणी हात लावत नाही. तेव्हा जे ठरवणार आहेत त्यांनी मुंबईच्या माणसांचं आधी ऐकावं, झुंबर बसल्यावर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक जहाजावर खिडकीला लागून एक मोठी बसायची जागा अशी हवी जिथे काही विकत घ्यावं लागत नाही, गाणी लागत नाहीत, आणि जी सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी असते. तिथे आठ-दहा जण एकत्र बसतील असे कोच पाहिजेत, कारण आपण दोघं-दोघं फिरत नाही, आजी, मावशी, भाचरं सगळी असतात. कोच जरा उंच आणि हात टेकायला दांडे असलेले, त्या खोल बुडणाऱ्या कोचातून म्हाताऱ्या माणसाला हलत्या जहाजात उठता येत नाही. बाथरूमच्या उंबरठ्याला वेगळा रंग द्या, किती जण ठेचकाळतात. मस्टर स्टेशनच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेच्या, पाट्या मराठीत पण लावा, धोक्याच्या वेळी माणूस आपल्या भाषेत वाचतो. आणि सजावटीला काही इथलं हवंच असेल तर लगेच राजस्थानी महाल आणि हत्ती नकोत. मरीन ड्राईव्हच्या आर्ट डेको बिल्डिंगी बघा, रीगल आणि इरॉस ही थिएटरं बघा, 1930 च्या दशकात आपल्या लोकांनी बोटीच्या डेकसारखी रेलिंग आणि गोल खिडक्या घरांना लावल्या, 2018 ला त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाला याच्यापेक्षा जवळचं काय असणार. ते करणारे सुतार, पॉलिशवाले, टेराझोवाले आजही या शहरात आहेत, मी स्वतः त्यातल्या कितीतरी जणांबरोबर काम करतो.

तुम्हाला पण एक विनंती. पुढच्या वेळी नवीन जहाजावर पान कराल तेव्हा डेक प्लॅन छापा, त्यात पैसे न देता समुद्र बघत बसता येईल अशा जागा रंगवून दाखवा, कुठल्या मजल्यावर आणि साधारण किती खुर्च्या. आणि प्रतिक्रिया गँगवेवरून, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावरून, आत शिरलेल्या माणसाकडून घेतल्यात तशा तिसऱ्या दिवशी पण घ्या, आतल्या केबिनमध्ये राहिलेल्या कुटुंबाकडून, त्यातही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून. ते छापलंत तर कंपन्यांचे लोक ते वाचतील.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई