निपाणीच्या नर्सरीतल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

वैशाखाच्या उन्हात सायकल मारत तुम्ही आमच्या परसात आलात, जास्वंदीपाशी उकिडवे बसलात आणि पहिलं काम काय केलंत, तर एक पान पालथं केलंत. त्याआधी जिथं जिथं विचारलं होतं, तिथं झाड न बघताच औषधाची बाटली पुढं आली होती. तुम्ही म्हणालात, "औषधाचं नंतर बघू वैनी, आधी ही मुंगी कुठं चाललीय ते बघूया." म्हणून हे पत्र. तुमचे आभार चारचौघांत मानावेत, आणि तुम्ही सांगितलेलं आपल्या भागातल्या इतरांच्याही उपयोगी पडावं, असं मनात आहे.

ही गावठी तांबडी जास्वंद मी खानापूरहून, माहेरच्या झाडाची फांदी आणून लावली होती. सासूबाईंच्या गणपतीला रोज तिचंच फूल जातं. कळ्या गळायला लागल्या, पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरल्यासारखा काळा थर आला, तेव्हा त्यांचाही जीव कासावीस झाला होता.

मुंग्यांची रांग तुम्ही शेंड्यापर्यंत नेऊन दाखवलीत. कोवळ्या फुटीच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा मिलीबग बसलेला. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, आणि त्याच गोडीपायी मुंग्या किडीला राखतात, तिच्यावर येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणजे काळं पुसून भागत नाही आणि मुंगी वर चढत राहिली तर कीडही हटत नाही. हे सगळं एका फांदीवर बोट ठेवून तुम्ही समजावलंत. भिंतीला टेकलेली फांदी छाटायला लावलीत, कारण मुंग्यांची वाट तिथूनच होती. फार लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, तेही पानांच्या खालच्या अंगाला. आठवड्यानं पुन्हा, आणि त्यानंतरही. कापसाच्या आत अंडी असतात, एका फवाऱ्यात ती मरत नाहीत, हे तुम्ही बजावून सांगितलंत. पुष्कळ जण पहिल्या फवाऱ्यानंतर थांबतात आणि तेलाला नावं ठेवतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या का, याचं उत्तर मात्र मातीत होतं. खानापूरची तांबडी माती आंबट अंगाची, पाऊस कितीही झाला तरी निचरा होणारी. निपाणीची काळी माती पाणी धरून ठेवते, चुनखडीही तिच्यात असते, आणि वरून आमचं बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तुम्ही आळं उंच करून घेतलंत, त्यात जाड वाळू आणि कुजलेला पाला मिसळलात, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पानांवर फवारायला सांगितलंत, आणि चुलीची राख घालायची नाही असं ठणकावलंत. राखेनं अशी माती आणखी अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट अंगाची, होते. आमच्या गल्लीत प्रत्येक झाडाला राख जाते, म्हणून हे इथं मुद्दाम लिहिते. खालची जुनी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळतात, त्यानं घाबरायचं नसतं, हेही.

छाटणीचं सांगितलंत ते आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून थंडी सरताना फांद्या तिसऱ्या हिश्श्यानं कमी करायच्या. युरियानं नुसता पाला माजतो. कळ्या भरल्यावर कुंडी हलवायची नाही, आणि ऊन सहा तास तरी हवंच.

काका, पैसे विचारले तेव्हा तुम्ही चहा मागितलात. मला त्या चहापेक्षा मोठं वाटतं ते तुमचं बसणं. पाऊण तास तुम्ही एका झाडापाशी बसलात आणि मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ते झाड दाखवूनच उत्तर दिलंत. नवी पालवी गर्द हिरवी आली आहे. सासूबाई संध्याकाळी कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवतात, सकाळी देवापुढं त्या उमलतात. शेजारच्या घरातल्या दोघीही आता आधी पान उलटून बघतात.

तुमच्या नर्सरीत संकरित रंग पुष्कळ आहेत, पण ही गावठी तांबडी नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होता. मृगाचा पाऊस लागला की बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या कापून, खालची पानं काढून पिशव्यांत लावणार आहे. मुळं धरली की रोपं तुमच्याकडे पोचती करते. ती विका किंवा वाटा, तुमच्या मनाला येईल तसं.

तुमची,
निपाणीची वैनी