घटनादुरुस्त्यांची मोजदाद

रविवारच्या अंकात राज्यघटनेवर आलेल्या लेखाचा, १०६ दुरुस्त्यांनंतर मूळ घटना उरलीच कुठे, हा सूर पटला नाही. दुरुस्त्यांच्या संख्येवरून घटना किती बदलली हे कळत नाही. अनुच्छेद ३३४ पाहा. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसभा व विधानसभांत राखीव जागा ठेवण्याची मूळ मुदत दहा वर्षांची होती. ८व्या, २३व्या, ४५व्या, ६२व्या, ७९व्या, ९५व्या आणि १०४व्या अशा सात दुरुस्त्यांनी तिथे ‘दहा’चे ‘वीस’, ‘तीस’ असे करत ती ‘ऐंशी’पर्यंत नेली. २०११ची ९६वी दुरुस्ती तर आठव्या अनुसूचीतील ‘ओरिया’चे ‘ओडिया’ करण्यापुरती होती.

उलट १९७६ची ४२वी दुरुस्ती मोजायला एकच, पण तिची कलमे ५९! तिने उद्देशिकेत शब्द घातले, मूलभूत कर्तव्ये आणली, लोकसभेची मुदत सहा वर्षे केली आणि घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देण्याची वाटच बंद केली. ही वाट १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिनर्वा मिल्स खटल्यात पुन्हा मोकळी केली. लोकसभेच्या मुदतीसह इतर बरेच काही त्याआधीच ४३व्या आणि ४४व्या दुरुस्त्यांनी मागे घेतले होते. म्हणजे यादीतले हे दोन आकडे वाढले ते बव्हंशी मूळ घटनेकडे परतण्यासाठी, आणि लेखात मात्र तेही मोडतोडीच्याच खात्यावर जमा झाले आहेत.

– एक वाचक, सातारा