दादरच्या कोठीतली पुडी

महोदय,
माझा धाकटा भाऊ २५ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या गोळ्या घेतो. रावेरला आमच्या केळीच्या घडांचं वजन तोच वहीत मांडतो. एका किलोचा फरक पडत नाही. पण माझ्या लेकीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई त्याची गोळ्यांची पुडी दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, कोठीत खुपसते.

परवा एका लॅबचा माणूस म्हणाला, ‘ताई, लाळ तपासू, मुलीत तो जीन आहे का ते कळेल.’ तो जीन! जणू या आजाराचं एकच जनुक असतं. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ७६ हजारांवर रुग्ण होते, आणि जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. एकेकीचा वाटा चिमूटभर. हुबेहूब जुळ्यांतही एकाला झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असं नाही. शिवाय बहुतेक नमुने युरोपीय वंशाचे. तिकडचं माप इकडच्या रक्ताला कितपत बसणार?

निदानही रक्तातून होत नाही, लक्षणांवरूनच होतं. भावाला आधी भगतानं ‘बाहेरचं’ सांगितलं, मग एका डॉक्टरांनी नैराश्य, शेवटी स्किझोफ्रेनिया. संशोधकानं त्याला कुठल्या रकान्यात मोजावं?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाच घरात अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास होतो. तसं कुणी आमच्याकडे आलं, ‘घरात आणखी कुणाला?’ असं विचारलं, तर आई ‘नाही’च सांगेल. आजोबांचा धाकटा भाऊ विहिरीत का गेला, हे मलाही चाळिशीत कळलं.

– एक शिक्षिका, रावेर (जि. जळगाव)