आधी याची पिन बघ

प्रिय काका,

ड्रॉपझोनवर, म्हणजे पॅराशूटनं उड्या मारायच्या मैदानावर, आभार मानायची रीत ठरलेली आहे. बीअरची पेटी आणायची आणि शेवटचं विमान उतरलं की शेकोटीपाशी ठेवायची. तुम्ही पीत नाही. चकलीचा डबा आणावा तर पॅकर पोरं अर्ध्या तासात फस्त करतात आणि तुमच्या वाट्याला चुरा येतो. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये शिवणयंत्रावर बसलेला मराठी रिगर, म्हणजे पॅराशूट तपासणारा-बांधणारा कारागीर, नेमकं काय करतो, ते इथल्या आणि तिकडच्या मंडळींना कळू दे.

ज्यांनी कधी उडी मारली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाठीवरच्या रिगमध्ये दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मेन. ते ज्याचं तो बांधतो किंवा पैसे देऊन पॅकरकडून बांधून घेतो. वरच्या कप्प्यात रिझर्व्ह, मेननं दगा दिला तर उघडायचं. त्याला फक्त परवानाधारक रिगरनं हात लावायचा. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून, पुन्हा बांधावं लागतं. कार्डावर तारीख, सही आणि पिनेवर लाल दोऱ्यात ओवलेलं शिशाचं सील. आत काय आहे ते मालकाला दिसत नाही. सगळा कारभार त्या सहीच्या भरवशावर.

तुमच्या आधी इथे जे होते त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्या कामाला या धंद्यात ‘पेन्सिल पॅक’ म्हणतात: पॅराशूट न उघडताच कार्डावर नवी तारीख टाकायची, सील बदलायचं, बिल हातात द्यायचं. तुम्ही आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक रिग उघडलीत. कार्डावर लागोपाठ चार सह्या, म्हणजे दोन वर्षं. आतला क्लोजिंग लूप, म्हणजे कप्पा बंद ठेवणारा आणि पिन अडकवायचा दोरीचा फासा, मात्र मळून कडक झालेला, सिलिकॉनचा मागमूस नाही. हा लूप दर वेळी नवा घालायचा असतो, कारण सगळं त्यावर लटकलेलं असतं. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान हरपलं, तर सुमारे २२५ मीटरवर, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तर, सायप्रेस यंत्राची सुरी हाच लूप कापते आणि रिझर्व्ह सुटतं. त्या लूपच्या बाबतीत ज्यांनी फसवलं ते सध्या दुसरीकडे कुठेतरी सह्या करत असतील.

तुमची पद्धत उलटी. मुदत भरली की मालकालाच रिग घालायला लावता आणि जमिनीवर उभं राहून रिझर्व्हचं हँडल त्यालाच ओढायला सांगता. नियमाप्रमाणे २२ पौंडांच्या आत, म्हणजे जेमतेम १० किलोच्या ओढीत पिन सुटली पाहिजे. अनेकांच्या हाताला ती ओढ आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या शेडमध्ये कळली. मग मेनला रिगशी जोडणाऱ्या तीन-रिंगा सोडवून पट्ट्या हातांनी चोळून मऊ करायच्या, पिवळी केबल कापडानं पुसून सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. ती केबल चिकट राहिली तर कटअवेचं, म्हणजे बिघडलेलं मेन सोडून द्यायचं, हँडल दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि गरगर फिरणाऱ्या पॅराशूटखाली माणसाला तेवढी सवड नसते. हे तुम्ही न कंटाळता प्रत्येकाला सांगता, चौथ्यांदा विचारणाऱ्यालाही.

पण पत्र यासाठी नाही. पत्र २० सप्टेंबर २०२५ च्या शनिवारासाठी आहे.

त्या दिवसाआधीचं वातावरण आठवा. इथे उड्या कमी आणि वाट पाहणं जास्त. समुद्राकडून आलेला ढग साडेतीन हजार फुटांवर बसला की विमान हलत नाही. १० हजार फुटांखाली ढगाच्या ५०० फूट खाली, १००० फूट वर, २००० फूट बाजूला राहावं लागतं. मग पॅकिंग मॅटवर पन्नास माणसं, भिंतीवर टीव्ही, आणि गप्पा. त्या गप्पा हवेवरच राहतील अशी आशा कुणी करू नये. इथलं राजकारण थेट आकाशातून खाली येतं. अध्यक्ष दौऱ्यावर आले की ३० सागरी मैलांच्या वर्तुळात उड्या बंद. लगेच निम्मी मॅट त्यांच्या नावानं बोटं मोडते. त्या वर्तुळाची त्रिज्या पक्ष बघून बदलत नाही, हे तुमचं वाक्य दोन्ही बाजूंना सारखंच झोंबतं. छोट्या सेसना १८२ विमानाला लागणाऱ्या शिसंयुक्त पेट्रोलचा वाद तसाच. सांता क्लारा काउंटीनं आपल्या विमानतळांवर ते विकणं २०२२ च्या सुरुवातीपासून थांबवलं, तेव्हापासून धावपट्टीशेजारच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोठं की छोट्या ड्रॉपझोनचं पोट मोठं, यावर इथे रात्री जागल्या आहेत. मोठं ट्विन ऑटर विमान जेट इंधनावर चालतं, म्हणून मोठ्या ड्रॉपझोनवाल्यांना पर्यावरणाचा पुळका स्वस्तात येतो. हा टोमणाही ठरलेला. शिवाय करोनातल्या लसी आणि रशियन संघांना जागतिक स्पर्धेत उतरू द्यावं की नाही हा प्रश्न.

यावर आधीच्या व्यवस्थापनानं उपाय काय केला? दारावर पाटी लावली, ‘राजकारणाची चर्चा करू नये’. झालं. चर्चा थांबली नाही, ती वाहनतळावर गेली. एकाच्या दोन शेकोट्या झाल्या. हवेत हात धरून करायच्या फॉर्मेशनमधल्या जागा कौशल्य बघून नाही, गट बघून भरू लागल्या.

बाहेरच्याला वाटेल, मग काय बिघडलं, न बोलता उडी मारा. उडी बोलण्यावरच चालते. विमान समोरच्या वाऱ्यात ८० नॉटनं सरकत असेल तर दोन गटांमध्ये ३०० मीटर अंतर राखायला दारात सात-आठ सेकंद थांबावं लागतं. वारा वाढून वेग ५० नॉटवर आला की बारा सेकंद. हे चढताना आपसात ठरवायचं असतं. आधी पोटावर पडणारे मोठे गट, मग डोकं खाली करून पडणारे, शेवटी विद्यार्थी आणि टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून उडी मारणारे. उतरायची दिशा कोणती, पहिला डावीकडे वळला तर मागच्यांनी काय करायचं. अबोला धरलेली माणसं विमानात खिडकीबाहेर बघत बसतात. एकाचा पायलट शूट (मेनला बाहेर ओढणारी छोटी छत्री) कॉक केलेला नाही, म्हणजे फेकल्यावर त्यात हवा भरणार नाही आणि तो मागे नुसता लोंबकळेल, हे शेजारच्याला दिसतं. पण ‘तो कशाला ऐकेल माझं’ म्हणून तो गप्प बसतो.

तर तो शनिवार. आदल्याच दिवशी एच-१बी व्हिसासाठी १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला होता. तो नव्या अर्जांपुरताच आहे हा खुलासा व्हायचा होता. बाहेरदेशी असलेल्यांनी मिळेल त्या विमानानं परत यावं, असे निरोप कंपन्या पाठवत होत्या. आपल्या मराठी टोळक्यातला एक जण, ज्याची बायको त्याच आठवड्यात साताऱ्याला गेली होती, पहाटेपासून फोनवर तिकिटं शोधत होता. आणि मॅटच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, इथे पंधरा वर्षं उड्या मारणारा एक स्थानिक सुतार मोठ्यानं म्हणाला, बरं झालं, एकदाचं झालं.

पुढचं सगळ्यांनी ऐकलं आहे, ते इथे नको. दोघांचंही चुकलं नाही आणि दोघांचंही चुकलं, असं म्हणून आम्ही पळवाट काढणार नाही. आमच्या मते सुतार चुकला. पण ढग विरला, विमानांची यादी लावणाऱ्या मॅनिफेस्टनं वीस मिनिटांची हाक दिली आणि दोघांची नावं एकाच लोडवर, म्हणजे विमानाच्या एकाच फेरीत, निघाली. बाकीचे बघत राहिले. कुणी म्हणालं, एकाला पुढच्या लोडवर टाका. पाटीवाले असते तर तेच केलं असतं.

तुम्ही यंत्रावरून उठलात. आधी सुईखालचं कापड सोडवलंत, चष्मा कपाळावर सरकवलात. सुताराच्या खांद्याला धरून त्याला आपल्या टोळक्यातल्या त्या पोराच्या पाठीकडे वळवलंत आणि एवढंच म्हणालात, “आधी याची पिन बघ.” इंग्रजीत म्हणालात, पण आम्हाला ते मराठीतच ऐकू आलं.

इतकंच. समजूत काढली नाहीत, ‘आपण सगळे एक’ वगैरे प्रवचन दिलं नाहीत, कुणाला माफी मागायला लावली नाहीत.

पिन तपासणी म्हणजे वरून खाली. रिझर्व्हची पिन सरळ बसली आहे का, सीलचा दोरा शाबूत आहे का, यंत्र चालू आहे का. मग मेनची पिन पूर्ण आत आहे का, ब्रायडल, म्हणजे पायलट शूटची पट्टी, तिच्यावरून नीट गेली आहे का, छोट्या खिडकीतून कॉकिंगचा रंग दिसतो का, पायलट शूट खिशात पुरता आत आहे का. मग माणसाला फिरवून समोरून: तीन-रिंगा, दोन्ही हँडल, छातीचा पट्टा बकलातून परत वळवून घेतला आहे का, मांड्यांचे पट्टे. अर्धा मिनिट लागतो. स्वतःच्या छातीचं स्वतःला दिसतं, पाठीवरची पिन जन्मात दिसायची नाही.

सुतारानं मेनचं झाकण उचललं आणि थांबला. लूपचे जवळजवळ निम्मे धागे तुटून कापसासारखे फुलले होते. दहाव्या हिश्श्याइतका झिजला तरी बदलायचा असतो. विमानाच्या दारात बाहेर लटकताना तो तुटला असता तर मेनची पिशवी तिथेच सुटून पॅराशूट शेपटीवर गेलं असतं. मग प्रश्न एकाचा राहत नाही, विमानातल्या सगळ्यांचा होतो. आपल्या पोरानं सकाळी स्वतःच पॅक केलं होतं, एक डोळा फोनवर ठेवून. सुतार शिवी हासडून स्वतःच्या पिशवीकडे गेला. स्पेक्ट्राच्या दोरीचा तयार लूप आणि वॉशर घेऊन आला. लूप बसवला, लांबी सैल वाटली म्हणून गाठ सोडून पुन्हा मारली; सैल लूपवर पिन घसरते. मेन पुन्हा बंद करेपर्यंत तो लोड गेला. दोघंही पुढच्या विमानानं गेले. बाजूबाजूला बसले, बोलले नाहीत.

मैत्री वगैरे झालेली नाही, हे तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे. सुताराचं मत तेच आहे आणि तो ते अजूनही मोठ्यानं सांगतो. पण तेव्हापासून मॅटवर एक प्रथा पडली आहे: सकाळी ज्याच्याशी सर्वात जोरात भांडलात, त्याच्याकडूनच पिन तपासून घ्यायची. निवडणुकीच्या दिवसांत तपासणीला रांग लागेल. पाटी कुणी काढली ते कळलं नाही. त्या जागी आता लूप बदलायच्या तारखांचा तक्ता आहे.

शहाणपण सांगणारी माणसं इथे पुष्कळ आहेत, प्रत्येकाच्या हेल्मेटवर एक वाक्य चिकटवलेलं असतं. पण सभ्यता म्हणजे बहुतेक वेळा हे असंच काहीतरी असतं: हातातलं काम बाजूला ठेवून उठणं, खांद्याला हात लावणं, चार शब्द, आणि परत यंत्रावर जाऊन बसणं. तुम्ही त्या दिवशी मागे वळूनही पाहिलं नाहीत, हे आम्हाला फार आवडलं. शीतल महाजननं २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारीत उडी मारली तेव्हा तुम्ही काष्टा कुठे बांधला, पदर हँडलपासून कसा लांब ठेवला, हेच आधी शोधत बसला होतात. अभिनंदनाचा फोन नंतर. तुमचं कौतुकसुद्धा पिनेपासून सुरू होतं.

साताऱ्याची वहिनी सुखरूप परत आली. येताना तिनं तुमच्यासाठी कंदी पेढे आणले आहेत, डबा पॅकरांपासून लपवून तुमच्या यंत्राच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे. आणि आमच्या तीन रिझर्व्हची मुदत या महिनाअखेर भरते. शुक्रवारी संध्याकाळी रिगी आणून ठेवतो. हँडल आम्हीच ओढू.

तुमचीच,
मॅटच्या डाव्या कोपऱ्यातली मराठी मंडळी