उद्योगमंत्री साहेब, क्वेरी काढायचीच तर एकदाच काढा

मा. उद्योगमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोल्हापूरचा. एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे, फौंड्रीवाल्यांकडून कास्टिंग (ओतीव भाग) येतात, त्याचं मशिनिंग करून पुण्याकडच्या पार्ट्यांना पाठवायचं हे आमचं काम. हे पत्र सबसिडी मागायला लिहीत नाहीये, वीजदर कमी करा म्हणायलाही नाही (तो विषय मोठा आहे, आणि आमच्याकडची मंडळी तो तुमच्याकडं सारखी मांडतच असतात). मला एकच गोष्ट मागायची आहे, आणि ती द्यायला तिजोरीतून जवळजवळ काहीच जाणार नाही.

२०२५ च्या जानेवारीत दावोसला राज्यानं १५ लाख कोटींच्या वरचे करार केले. वाचून खरंच बरं वाटलं, कारण मोठी कंपनी आली की तिच्या मागं आमच्यासारख्या शंभर जणांना काम मिळतं. पण साहेब, जो माणूस आधीच इथं आहे, प्लॉट त्याच्या नावावर आहे, वीस-पंचवीस पोरं कामाला आहेत, जीएसटी, पीएफ, पाणीपट्टी सगळं वेळेवर भरतोय, त्यानं आहे त्याच प्लॉटवर अजून एक शेड टाकायची आणि एक मशिन वाढवायची ठरवली तर त्याच्या वाट्याला काय येतं हे एकदा नीट बघा. हीसुद्धा गुंतवणूकच आहे ना. फक्त तिचा करार होत नाही, फोटो निघत नाही.

नुसती शेड वाढवायची म्हटलं तरी बिल्डिंग प्लॅनची मंजुरी, फायरची एनओसी, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र सुधारून घेणं, कारखाना नोंदणीत असाल तर तिथला प्लॅन आणि लायसन्समध्ये बदल, महावितरणकडं लोड वाढवणं, मग विद्युत निरीक्षकाची तपासणी, आणि शेवटी बांधकाम पूर्णत्वाचा दाखला. यातली एकेक परवानगी वेगवेगळी बघितली तर कुठलीच चुकीची नाही, मी तसं म्हणणारही नाही. आग लागली तर बंब आत यायला जागा पाहिजेच, वायरिंग कुणीतरी जाणत्या माणसानं तपासलंच पाहिजे. आणि प्रत्येक कामाला मुदतही ठरवून दिलेली आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, २०२३ मध्ये तुम्ही उद्योगांच्या परवानग्या एकाच जागी देणाऱ्या 'मैत्री' या एक खिडकीला कायद्याचा आधार दिला, ते चांगलंच झालं. मग अडतं कुठं?

क्वेरीत, म्हणजे ऑफिस फाईलवर जी शंका-त्रुटी काढतं त्यात अडतं साहेब. सगळं त्या एका शब्दात अडकलंय.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो, खात्याचं नाव घेत नाही कारण एका ऑफिसवर राग काढायचा नाहीये, सगळीकडं पद्धत हीच आहे. आम्ही बँकेचं कर्ज काढून एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनिंगची मोठी मशिन) बुक केली, बेंगळुरूहून ट्रेलरवर आली, हायड्रा क्रेन लावून उतरवली. नव्या शेडची फाईल तोवर टेबलावरच होती. आधी क्वेरी आली की प्लॅनवर जुन्या आणि नव्या शेडचा एरिया वेगवेगळा दाखवा. दाखवला. मग मुदत संपत आली तशी दुसरी आली, भाडेपट्ट्याची कॉपी अस्पष्ट आहे, परत अपलोड करा. केली. मग फीमध्ये थोडा फरक निघतोय, चलन भरा. भरलं. आता यातली एकही गोष्ट नवीन नव्हती, प्लॅन, भाडेपट्टा, फीचं चलन सगळं पहिल्या दिवसापासून त्यांच्या समोर होतं, तिन्ही एकाच कागदावर लिहून दिलं असतं तर आम्ही तीन दिवसात पूर्ण करून दिलं असतं. पण प्रत्येक क्वेरीला फाईल आमच्याकडं परत येते आणि आम्ही उत्तर दिलं की मुदतीचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतात. म्हणजे कागदावर फाईल कधीच लेट होत नाही! वर रिपोर्ट जातो तो सगळं मुदतीत असल्याचा, आणि तो रिपोर्ट खोटा पण नसतो, ही खरी अडचण आहे.

तोपर्यंत मशिन बाहेर ताडपत्रीखाली. पावसाळा तोंडावर होता. आमचा फिटर रोज सकाळी आला की आधी ताडपत्री उचलून स्लाइडवरचं ग्रीस बघायचा, कुठं गंज धरलाय का म्हणून हात फिरवून बघायचा, मग स्वतःच्या कामाला लागायचा. बँकेचा हप्ता चालू झाला होता. ज्या जॉबसाठी मशिन घेतली त्या पार्टीनं बरीच वाट बघितली आणि शेवटी काम दुसऱ्या राज्यातल्या वेंडरला दिलं, त्यांचंही बरोबरच आहे, त्यांची असेंब्ली लाइन आमच्या फाईलसाठी थांबणार नाही. आयटीआयची पोरं घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलं.

तुम्ही म्हणाल अपील का नाही केलं. लोकसेवा हक्क कायद्यात पहिलं अपील आहे, दुसरं आहे, त्याच्या वर आयोग आहे, आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण ज्या टेबलावर पुढच्या वर्षी परत रिन्यूअलला जायचंय त्या टेबलाविरुद्ध कुठला लघुउद्योजक अपील करेल? आमच्या भागात असं अपील केलेला माणूस मला तरी माहीत नाही. हक्क मागितला तरच मिळणार असेल तर छोटा माणूस तो मागत नाही, तो मधला माणूस गाठतो, तो म्हणतो "साहेबांना एकदा भेटून घ्या", आणि पुढं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आणि मुदत संपली की परवानगी मिळाली असं धरायचं, ही कल्पनाही काही नवीन नाही. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्यात कलम २५(७) आहे, चार महिन्यांत मंडळानं हो किंवा नाही काहीच कळवलं नाही तर संमती मिळाली असं समजायचं. १९७४ साहेब, पन्नास वर्षं झाली. पण त्यात अर्ज सर्व बाबतीत परिपूर्ण पाहिजे अशी अट आहे, आणि परिपूर्ण आहे की नाही हे ठरवणार कोण, तर तेच ऑफिस. दुसरं म्हणजे समजा मुदत संपली आणि कायद्यानं परवानगी मिळालीच, तर ती दाखवायची कशी? बँकेचा मॅनेजर म्हणतो कागद द्या. लोड वाढवायला गेलं की तिथं म्हणतात कागद द्या. "मिळाली असं समजा" याला बँकेत काही किंमत नाही, म्हणून ही तरतूद पुस्तकात आहे आणि बाजारात नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. फाईल आली की पहिल्या सात कामाच्या दिवसांत जी काय क्वेरी असेल ती एकदाच, एकत्र, लेखी काढायची, आणि प्रत्येक मुद्द्यापुढं कुठल्या नियमानुसार विचारतोय ते लिहायचं. आम्ही उत्तर द्यायला जेवढे दिवस घेऊ तेवढे खुशाल वजा करा, आमच्यामुळं झालेला उशीर आमच्यावरच राहू दे, पण दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे नाहीत, आणि सात दिवसांनंतर नवीन मुद्दा काढायचाच असेल तर वरच्या अधिकाऱ्यानं सही करून काढावा आणि आधी का सुचला नाही तेही लिहावं. आणि मुदत संपली की पोर्टलनंच आपोआप क्यूआर कोडवालं प्रमाणपत्र काढावं, कुणाच्या सहीची वाट न बघता, आणि ते बँकेला, महावितरणला, सगळ्या खात्यांना चालेल असा शासन निर्णय काढा. या शेवटच्या गोष्टीशिवाय बाकीचं सगळं वाया आहे हे मी अगदी अनुभवानं सांगतो.

आता सुरक्षेचं काय, हा प्रश्न कुणीही विचारेल आणि विचारायलाच पाहिजे. डोंबिवलीत मे २०१६ ला स्फोट झाला, परत मे २०२४ ला झाला, कामावर गेलेली माणसं घरी आली नाहीत. मीही रोज माणसं कामाला लावतो, हे मी हलक्यात घेणार नाही. पण माझं म्हणणं हेच आहे की केमिकलचा रिअ‍ॅक्टर आणि माझं लेथ मशिन या दोघांना सारखाच कागद आणि सारखाच वेळ द्यायचा म्हणजे निरीक्षकाचा वेळ चुकीच्या ठिकाणी जातो. जो माणूस माझ्या भाडेपट्ट्याची कॉपी स्पष्ट आहे का बघत बसलाय तो त्या वेळात बॉयलर आणि केमिकलच्या प्लँटवर असायला पाहिजे. आमच्यासारख्या कमी धोक्याच्या युनिटला, त्याच प्लॉटवर तेच काम वाढवायचं असेल तर आर्किटेक्ट आणि चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेऊन काम चालू करू द्या, नंतर येऊन तपासा, खोटं निघालं तर आमच्यावरही आणि त्या इंजिनिअरवरही कडक कारवाई करा. प्रदूषणाच्या बाबतीत २०१६ मध्ये जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांची व्हाइट कॅटेगरी आली तेव्हा त्या उद्योगांना संमतीपत्र लागणार नाही, नुसतं कळवलं की झालं, असं ठरलंच ना? मग तोच विचार बाकीच्या खात्यांनी करायला काय हरकत आहे.

शेजारी बघा. कर्नाटकनं २०२० मध्ये कायदा बदलून शपथपत्रावर काम सुरू करायची सोय केली, राज्याच्या परवानग्या नंतर तीन वर्षांच्या आत पूर्ण करायच्या. राजस्थाननं २०१९ मध्ये नव्या लघुउद्योगांना सुरुवातीची तीन वर्षं राज्याच्या परवानग्या आणि तपासण्यांतून मोकळं केलं. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण कागल ओलांडलं की निपाणी आहे, त्याच हायवेनं पुढं बेळगाव, तिथंही फौंड्र्या आहेत, मशिन शॉप आहेत, आमच्यासारखीच माणसं आहेत, आमच्यातल्या कित्येकांचे पाहुणे तिकडं आहेत. दहा-बारा वर्षांमागं वीजदरावरून इथल्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची भाषा केली होती तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आता कुणी बोलून दाखवत नाही. जुनं युनिट इथंच ठेवायचं आणि नवीन शेड तिकडं टाकायची, असं गुपचूप होतंय, आणि ते तुमच्या कुठल्याच आकड्यात येणार नाही, कारण इथलं काही बंद झालेलंच नाही, फक्त वाढलं नाही.

हे शहर उभं राहिलं तेच असल्या छोट्या वाढीतून. उद्यमनगरात एका खोलीत एक लेथ टाकून ऑइल इंजिनचे पार्ट करणारी माणसं होती, त्यांनी दुसरं लेथ घेतलं, मग शेजारची खोली घेतली, मग त्यांची पोरं शिरोलीला, गोकुळ शिरगावला गेली आणि आता कागलच्या पंचतारांकित वसाहतीत त्यांचे कारखाने आहेत. कुणीही एकदम पाचशे कोटी घेऊन आलेलं नव्हतं. तो दुसऱ्या लेथचा टप्पा आज सगळ्यात अवघड करून ठेवलाय आपण. पहिलं मशिन टाकायला योजना आहेत, पाचशे कोटीवाल्याला तर अधिकारी स्वतः फोन करतात, मधल्याला कुणी नाही.

साहेब, सगळ्या राज्यात एकदम करायचं नसेल तर एका जिल्ह्यात सहा महिने करून बघा, कोल्हापूरला करा, आम्ही तयार आहोत. आणि त्या सहा महिन्यांत प्रत्येक ऑफिसचा एकच आकडा दर महिन्याला पोर्टलवर टाका, एका फाईलला सरासरी किती वेळा क्वेरी निघाली. किती फाईली मुदतीत निघाल्या हा आकडा नको, तो आत्ताही चांगलाच दिसतो. विस्ताराच्या अडकलेल्या फाईलींची यादी आम्ही इथले उद्योजक एकत्र बसून खातेनिहाय करून देतो, प्रत्येक क्वेरीच्या तारखेसकट, तुम्ही फक्त ती कुणाकडं द्यायची ते सांगा.

आपला,
कोल्हापूरचा एक लघुउद्योजक