मेडलच्या फोटोनंतरचा सोमवारही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या सोमवारी तुमच्या पेपरात हाफ मॅरेथॉनचा मोठा फोटो आला, सगळे मेडल दातात धरून उभे, बघून बरं वाटलं. जळगावात पहाटे पाचला एवढी माणसं धावायला जमतील असं दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर आम्हीच हसलो असतो. पण धावायच्या आधी त्यातल्या काही जणांनी पेनकिलरची गोळी गिळली असेल याचा मला अंदाज आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण तेच केलं होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा, शाळेत क्लार्क, मेहरूण तलावाला चकरा मारता मारता रनर झालेलो. आमच्या ग्रुपवर सलग १०० दिवस धावायचं चॅलेंज निघालं, रोज स्क्रीनशॉट टाकायचा, एक दिवस चुकला की नाव कट. मग काय, सर्दीत धावलो, तापाची कसर होती तरी धावलो (ताप असताना धावलं तर हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते हे नंतर कळलं), धुळ्याला साडूच्या पोराच्या हळदीला गेलो तर पिशवीत आहेराआधी बूट भरले. साठ दिवसांनी गुडघा बोलायला लागला. सकाळी उठल्या उठल्या नाडी एरवी ५६ असायची ती ६६-६८ यायला लागली, झोप नाही, घरात नुसती चिडचिड. शरीर ओरडून सांगत होतं आणि मला वाटत होतं स्टॅमिना वाढतोय.

रेसच्या दिवशी स्टार्टजवळ एकाने कमरेच्या पाऊचमधून पेनकिलरची स्ट्रिप काढली आणि लग्नाच्या पंगतीत बडीशेप फिरवतात तशी फिरवली. घे भो, एकवीस किलोमीटर कळणार पण नाहीत. खरंच कळले नाहीत. फेब्रुवारीचा शेवट होता, आठ वाजताच ऊन चटके द्यायला लागलं होतं, पण टाइम चांगला येत होता म्हणून दोन ठिकाणी पाणी पण सोडलं. संध्याकाळी लघवी झाली ती काळ्या चहासारखी. बायको म्हणाली, आता त्या मेडलचं लोणचं घालू का? रात्री ॲडमिट, तीन दिवस सलाईन, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, गोळी घेतली होती का.

त्यांनी समजावलं ते असं. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्त आटतं, तेव्हा किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच बंद करतात. त्यात थकलेले स्नायू फुटून त्यांचा रंग रक्तातून किडनीत उतरतो, काळा चहा तो हाच. म्हणजे ज्या दिवशी किडनीला सगळ्यात जास्त मदत लागते त्याच दिवशी आपण तिचा नळ बंद करतो.

आता हे वाचून कोणी घाबरून बादलीभर पाणी पिऊ नका, ते पण वाईटच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि जे जास्त पाणी प्यायले, धावून वजन वाढलं, त्यांच्यात हे जास्त होतं. तहान लागेल तसं प्यावं आणि लांब पल्ल्याला पाण्यात ओआरएस टाकावं, एवढं साधं आहे. आणि एक, रावेर-यावलची केळी दारात असताना आपण परदेशी चवीचं एनर्जी जेल विकत घेऊन चोखतो याचं मला भारी हसू येतं, मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब्स असतात, जेलच्या एका पाऊचमध्ये पण जवळपास तेवढेच.

माझं सोडा, मी हौशी माणूस. तलावावर पोलीस भरतीची पोरं-पोरी येतात, ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ डांबरी रोडवर, फाटक्या बुटात. परवा एक पोरगा नडगीला क्रेप बँडेज बांधून धावत होता, बोट ठेवलं तर एकाच जागी कळ. म्हटलं दादा, हाडाला तडा असू शकतो, एक्स-रे काढून घे. तो म्हणतो, काका, ग्राउंड जवळ आलंय. त्याच्या घरी नोकरीची वाट बघणारे आई-बाप आहेत, त्याला रेस्ट घे म्हणणं मलाच जड गेलं. पण तडा असलेल्या हाडाने ग्राउंड निघत नाही, आणि साधारण सहा-आठ आठवडे थांबलं तर बहुतेक वेळा भरून येतं, हे त्याला सांगणारं कोणीतरी हवं ना.

म्हणून विनंती, रेसच्या बातमीसोबत एखाद्या हाडाच्या नाहीतर किडनीच्या डॉक्टरांचा छोटा कॉलम छापा, आणि आयोजकांनी स्टार्टला माइकवरून झुंबाच्या आधी एकदा तरी सांगावं की गोळी खाऊन धावू नका. चॅलेंजवाल्या ग्रुपने मला काढलं, ते बरंच झालं. आता आठवड्यातले दोन दिवस बूट घालतच नाही. आज त्यातलाच एक दिवस, सकाळी सातपर्यंत झोपलो, पोटभर वरण-बट्टी झाली, म्हणून हे पत्र लिहायला वेळ मिळाला.

आपला एक वाचक,
जळगाव